प्रॉब्लॉग: पंप लावला, फ्लोट म्हणतो टाकी रिकामी, खरं काय समजायचं?

कृती तर केली, पण ती लागू पडली की नाही ते नक्की माहीत नाही. सेन्सर काहीतरी सांगतो, पण तोही अधूनमधून थापा मारतो. अशा वेळी 'आत्ता परिस्थिती काय असावी' हे तर्काचे नियम आणि शक्यतेचे आकडे एकत्र धरून काढून देणारी साधनं मोजकीच आहेत, आणि त्यांतलं सगळ्यांत पटकन हाताशी येणारं म्हणजे प्रॉब्लॉग. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, बेल्जियममधल्या ल्यूवन विद्यापीठात वाढलेलं आहे. लुक डे राड्ट, अँजेलिका किमिग आणि हानू तोइवोनेन यांनी २००७ साली ते मांडलं तेव्हा काम होतं जीवशास्त्रातल्या जाळ्यांमधले दुवे शोधण्याचं. कृतींबद्दलचा तर्क हा त्याचा मूळ धंदा नव्हे. त्याच्या बहुतेक खोड्या इथूनच येतात.

निकाल आधीच सांगितलेला बरा. चार-पाच बदलत्या गोष्टी आणि दहाएक पायऱ्या एवढ्या आवाक्यात प्रॉब्लॉगसारखं स्वच्छ साधन दुसरं नाही. लांबलचक नियोजन करायचं असेल, किंवा पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये मोजायची असेल, तर याच्या वाटेला जाऊ नये.

परीक्षेसाठी उदाहरण पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत सापडेल असं घेतलं आहे: खालची टाकी, वरची टाकी, मध्ये पंप, वर टाकी भरली की नाही ते सांगणारा फ्लोट. पंप लावला की पाणी चढतंच असं नाही. एअर धरते, फूटव्हॉल्व्ह गळतो, लाइट जाते. फ्लोटही कधी भरलेल्या टाकीला रिकामी म्हणतो, कधी रिकामीला भरलेली.

बसवायला त्रास नाही. पायथॉन ३ असलं की 'पिप इन्स्टॉल प्रॉब्लॉग' पुरतं. सोबत 'पायएसडीडी' हे पॅकेजही टाकून घ्यावं. शक्यता मोजण्याआधी प्रॉब्लॉग सगळे नियम एका तर्क-सर्किटमध्ये बदलतं, आणि ते सर्किट बांधायचा एक चांगला मार्ग या पॅकेजातून मिळतो. काहीच बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे. लहान मॉडेल तपासायला ती पुरेशी होते.

मॉडेल असं दिसतं. नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती रोमन लहान अक्षरांत लिहायची, आणि क, म, न हे चल मोठ्या अक्षरांत:

०.३::भरलेली(०).
०.९::चढलं(क).
०.२::संपली(क).
पंप(०).
भरलेली(क) :- क > ०, म इज क-१, पंप(म), चढलं(म).
भरलेली(क) :- क > ०, म इज क-१, भरलेली(म), \+ संपली(म).

वाचायला सोपं आहे. क म्हणजे पायरी, म म्हणजे तिच्या आधीची. ':-' म्हणजे 'जर', स्वल्पविराम म्हणजे 'आणि', '\+' म्हणजे 'नाही'. सुरुवातीला टाकी भरलेली असण्याची शक्यता ०.३. पंप लावला तर ०.९ शक्यतेने पाणी चढतं. भरलेली टाकी एका पायरीत वापरून संपण्याची शक्यता ०.२. पहिल्या पायरीनंतर टाकी भरलेली असण्याची शक्यता ०.९२४ येते, आणि हातानेही तेवढीच येते: १ वजा (०.१ × ०.७६).

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. 'जे बदललं नाही ते तसंच राहतं' हे तिथे आपल्याला हाताने लिहावं लागलं. मॅकार्थी आणि हेज या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांनी १९६९ साली ज्याला फ्रेम प्रॉब्लेम म्हटलं तो हाच, आणि रायटर यांनी १९९१ मध्ये त्याला जो साचा दिला तोच वरच्या दोन ओळींत आहे: गोष्ट आत्ता खरी आहे, कारण एक तर कृतीने ती खरी केली, किंवा आधीपासून खरी होती आणि कशाने मोडली नाही. प्रॉब्लॉग यात काडीची मदत करत नाही. कृती म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही, त्याच्या लेखी 'पंप' हे इतर शब्दांसारखाच एक शब्द.

मग घोळ होतात. 'म'च्या जागी चुकून 'क' पडला, म्हणजे भरलेली(क) हे भरलेली(क) वरूनच काढायला सांगितलं, तर एररही येत नाही. असा स्वतःभोवती फिरणारा नियम प्रॉब्लॉग मुकाट्याने निरुपयोगी धरतं आणि उत्तर ०.९२४ ऐवजी ०.९ देतं. फरक इतका बारीक की कोणाच्या लक्षातही येऊ नये. हीच गफलत नकारातून झाली, म्हणजे 'बदललं नाही' हे त्याच पायरीच्या स्थितीवर टेकवलं, तर निदान नकाराच्या चक्राबद्दल एरर येते. 'क > ०' ही अट विसरली तर नियम शून्याच्या मागे उणे एक, उणे दोन असा शोधत जातो आणि थांबतच नाही. प्रश्न विचारतानाही पायरी ठरवून द्यायची: भरलेली(१) विचारा. भरलेली(क) असं मोकळं विचारलं की तुलनेपाशीच अडकतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. नवख्यांचं निम्मं मॉडेल इथे बिघडतं. प्रॉब्लॉगमध्ये शक्यता जोडलेलं प्रत्येक विधान म्हणजे एकदाच होणारी नाणेफेक. सातो यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही वितरणाची कल्पना आहे आणि तिच्यात पळवाट नाही. 'चढलं(क)' असं पायरीसकट लिहिलं तर दर पायरीला नवं नाणं पडतं. नुसतं 'चढलं' लिहिलं तर पहिल्या वेळी जे पडलं तेच कायम. तीन वेळा पंप लावला तर निदान एकदा पाणी चढण्याची शक्यता पहिल्या पद्धतीने ०.९९९ आणि दुसऱ्या पद्धतीने ०.९. चालवताना दोन्ही फाइली तितक्याच निर्धास्त दिसतात.

यावर पाठ्यपुस्तकी उत्तर असं की पायरी नेहमी घालायचीच. ते अर्धंच खरं. गुरुवारी पालिकेचं पाणी बंद असेल आणि खालची टाकी कोरडी असेल, तर पंप तीनदा लावून काय होणार? तिन्ही वेळा कोरडाच फिरेल, वर सील जळेल ते वेगळंच. तिथे अपयशाचं कारण एकच आहे आणि ते दिवसभर टिकतं. म्हणून दोन वेगळी विधानं हवीत: 'खाली पाणी आहे' हे दिवसाला एक, आणि 'या वेळी चढलं' हे पायरीला एक. कुठल्या विधानाला पायरी द्यायची आणि कुठल्याला नाही, यातच मॉडेल बनवणाऱ्याची खरी अक्कल लागते, आणि प्रॉब्लॉग ते इतकं उघड्यावर आणतं हे त्याचं मोठंच श्रेय.

फ्लोटवर हे लख्ख दिसतं. टाकी भरलेली असताना फ्लोट 'भरली' म्हणतो ०.९५ वेळा, रिकामी असताना चुकून 'भरली' म्हणतो ०.१ वेळा:

०.९५::खरं(क,न).
०.१::खोटं(क,न).
फ्लोट(क,न) :- भरलेली(क), खरं(क,न).
फ्लोट(क,न) :- \+ भरलेली(क), खोटं(क,न).

इथे 'न' म्हणजे कितवं वाचन. आता पंप लावल्यानंतर फ्लोटने 'रिकामी' दाखवलं, म्हणजे फ्लोट(१,१) खोटं आहे, हा पुरावा द्यायचा आणि भरलेली(१) विचारायचं. उत्तर ०.४०३. म्हणजे फ्लोट रिकामी म्हणत असतानाही टाकी भरलेली असण्याची शक्यता दहात चार. पंपावर असलेला आधीचा भरवसा इतका दांडगा होता की एका वाचनाने तो पुरता मोडला नाही. असा हिशेब तोंडी करणारा माणूस विरळा, आणि बॅकस, हाल्पर्न व लेवेक यांनी १९९९ मध्ये सिच्युएशन कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे कृती आणि त्यांचे परिणाम तर्कात मांडायच्या पद्धतीत, चुकणाऱ्या सेन्सरांसाठी जी यंत्रणा उभी केली तिचं छोटं रूप इथे चार ओळींत मिळतं.

लगेच दुसरं वाचन घेतलं आणि तेही 'रिकामी' आलं, तर वरचं मॉडेल ०.०३६ सांगतं. विषय संपला, पंप लावा! पण थांबा. प्रत्यक्षात फ्लोट चुकतो तो बहुतेक वेळा अडकल्यामुळे, आणि अडकलेला फ्लोट दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच सांगणार. म्हणून मॉडेल बदलून बघू: फ्लोट अडकलेला असण्याची शक्यता ०.०४, अडकला तर तो कायम 'रिकामी' म्हणतो. अडकला नसेल तर भरलेल्या टाकीबाबत फक्त ०.०१ वेळा चुकतो, रिकामीबाबत आधीसारखाच ०.१ वेळा. एका वाचनानंतर उत्तर जवळपास तेच, ०.४००. दोन वाचनांनंतर ०.३७४. म्हणजे दुसऱ्या वाचनाने जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. एकीकडे ०.०३६, दुसरीकडे ०.३७४: दहापट फरक, आणि पहिल्या वाचनापर्यंत दोन्ही मॉडेलं जुळ्या भावांसारखी. सेन्सरचा एकच 'अचूकता' आकडा घेऊन कोणी बसलं असेल तर त्याला हे दोन निकाल शेजारी ठेवून दाखवावेत.

कृती आणि पुरावा यांची गल्लत ही दुसरी ठेच. वर 'पंप(०).' हे सरळ विधान आहे. समजा वॉचमनची सवयही मॉडेलमध्ये घातली: टाकी रिकामी असेल तर तो ०.८ शक्यतेने पंप लावतो, भरलेली असेल तर ०.१. आता 'पंप लागला' हे पुरावा म्हणून दिलं की प्रॉब्लॉग मागे जाऊन अनुमान करतं: पंप लागला, म्हणजे टाकी बहुधा रिकामीच असणार. सुरुवातीची ०.३ शक्यता घसरून ०.०५१ होते. वॉचमनने पंप लावताना पाहिलं असेल तर हे बरोबर आहे. पण टायमरने किंवा आपण स्वतः लावला असेल तर साफ चूक, कारण आपण बटण दाबल्याने टाकीची मघाची अवस्था बदलत नाही. नियम साधा आहे: स्वतः केलेली कृती विधान म्हणून, पाहिलेली गोष्ट पुरावा म्हणून. प्रॉब्लॉग हा भेद आपणहून पाळत नाही आणि चूक झाली तर बोलतही नाही.

'भरलेली' आणि 'रिकामी' यांच्या जोडीला 'अर्धी' आणली की एकाच कृतीचे अनेक निकाल एका ओळीत अर्धविरामांनी लिहिता येतात: ०.८५ ला पूर्ण, ०.१ ला अर्धी, उरलेल्या ०.०५ ला काहीच नाही. बेरीज १ पेक्षा कमी असली तर उरलेला भाग 'यांपैकी काही नाही' असा धरला जातो, जास्त झाली तर चालत नाही. सोय झकास आहे, पण पातळी तशीच राहण्याचा नियम शेजारी असेल तर टाकी एकाच वेळी अर्धीही आणि पूर्णही ठरते. दोन नियम खरे झाले तर दोन्ही पातळ्या खऱ्या, प्रॉब्लॉगला त्यात वावगं काहीच दिसत नाही. निकालाला वेगळं नाव द्यावं, पातळी त्यावरून काढावी आणि निकाल 'काहीच नाही' असेल तेव्हाच जुनी पातळी पुढे न्यावी. एका पायरीच्या सगळ्या पातळ्यांच्या शक्यतांची बेरीज १ येते का, हे दर वेळी बघावं. ही चूक पकडायचा याहून स्वस्त उपाय नाही.

वेगाबद्दल. अचूक उत्तर काढणं हे मुळातच मोजणीचं अवघड काम आहे, त्यामुळे पायऱ्या, सेन्सर आणि पुरावे वाढले की सर्किट फुगत जातं. त्यातून प्रॉब्लॉगला 'आत्तापर्यंतचा विश्वास धरून पुढे चला' असं सांगायची थेट सोय नाही, दर प्रश्नाला शून्य पायरीपासून सुरुवात. म्हणून मंडळी उत्तर उचलून पुढच्या फाइलीत सुरुवातीची शक्यता म्हणून घालतात. एकच गोष्ट बदलत असेल तर ठीक. दोन असतील तर फसगत. अडकलेल्या फ्लोटच्या मॉडेलमध्ये दोन 'रिकामी' वाचनांनंतर टाकी भरलेली असण्याची शक्यता ०.३७४ आणि फ्लोट अडकलेला असण्याची ०.४०३. हे दोन आकडे सुटे उचलले तर 'भरलेली आणि अडकलेला' या जोडीला ०.१५ मिळतात. खरी शक्यता आहे ०.३७३, कारण टाकी भरलेली असूनही दोनदा 'रिकामी' आलं याचा अर्थच जवळपास असा की फ्लोट अडकला आहे. पुढे न्यायच्या त्या चारही जोड्या, अर्धविरामांनी जोडलेल्या एकाच ओळीत. सहा गोष्टी असतील तर चौसष्ट जोड्या होतात, आणि तिथे हा मार्ग संपतो.

नमुने काढून अंदाज घेणारा 'सॅम्पल' हा प्रकार आहे. त्यात पुराव्याशी न जुळणारे नमुने फेकून दिले जातात. मूळ मॉडेलमध्ये एका 'रिकामी' वाचनाची शक्यता ०.११४६, म्हणजे १०,००० नमुन्यांतले अंदाजे १,१४६ उरतात. दोन वाचनांना ६४० च्या आसपास. चार-पाच सेन्सरांचे पुरावे एकत्र आले की हातात मूठभर नमुने राहतात आणि उत्तर दर वेळी डुलायला लागतं. पुरावा मुळात अशक्यच असेल तर अचूक पद्धतीत तशी एरर मिळते. ती आली की बहुतेक वेळा फ्लोटला चुकायची मुभाच द्यायची राहिलेली असते.

पंप पुन्हा लावावा का, हे ठरवायला 'डीटी' हा निर्णयाचा प्रकार आहे: निर्णयाच्या विधानापुढे आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह, आणि निकालांना फायदा-तोट्याचे आकडे. ०.४०३ विश्वास धरू, टाकी कोरडी राहण्याचा तोटा ४०, ओव्हरफ्लोचा १०, दरम्यानचा वापर सोडून देऊ. पंप लावला तर सरासरी तोटा ६ च्या आसपास, नाही लावला तर २४ च्या जवळ. लावा. ओव्हरफ्लोचा तोटा ५९ च्या वर धरला की उत्तर उलटतं. टँकर मागवायची वेळ आलेली सोसायटी हा आकडा कुठे ठेवेल ते सांगायला नको. मर्यादा अशी की निर्णय आधीच ठरलेले असतात. 'फ्लोट बघून ठरवू' असं हवं असेल तर प्रत्येक वाचनासाठी वेगळं निर्णय-विधान लिहावं लागतं, आणि अशी दहा झाली की तुलना करायला १,०२४ डावपेच उभे राहतात. खऱ्या नियोजनासाठी पीपीडीडीएल किंवा आरडीडीएल या भाषा आणि त्यांचे प्लॅनर बरे. कार्यक्रम लिहून मधले निर्णय यंत्रावर सोडायचे असतील तर डीटीगोलॉगची कल्पना अधिक शोभते. पातळी सेंटिमीटरमध्ये हवी असेल तर सीप्लिंट हे साधन बघावं, त्यात सलग वितरणं, म्हणजे मोजमापाच्या कुठल्याही किमतीच्या शक्यता, चालतात आणि तेही ब्राउझरमध्ये वापरता येतं.

आकडे आणायचे कुठून हा प्रश्न उरतो. प्रॉब्लॉगमध्ये 'एलएफआय' नावाचा शिकण्याचा प्रकार आहे: ज्या शक्यता माहीत नाहीत तिथे आकड्याऐवजी 'शिकायचं आहे' अशी खूण करायची, आणि प्रत्यक्ष नोंदी पुरावा म्हणून द्यायच्या. काही गोष्टी नोंदीत नसल्या तरी चालतं, पण मग सुरुवातीला दिलेल्या अंदाजावर उत्तर अवलंबून राहतं. म्हणून दोन-तीन वेगळे अंदाज देऊन तेच उत्तर येतं का बघावं. सोसायटीच्या रजिस्टरवरून हे करू पाहाल तर तिथे 'पंप चालू ६.१०, बंद ७.००' एवढंच सापडतं. फ्लोट काय म्हणाला आणि झाकण उघडून पाहिल्यावर टाकीत खरंच काय होतं, हे दोन रकाने नसतील तर ०.९५ आणि ०.१ वेगळे करायला मार्गच नाही. आधी रजिस्टरमध्ये ते रकाने आखून घ्या, झाकण उघडून पाहिलेल्या वेळांच्या नोंदी साठू द्या, आणि तोवर एलएफआयला हात लावू नका.